एकोणचाळीस नंबरची काच

आमच्या लॅबमध्ये बाटलीवालं मशीन येणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे जे झालं ते त्या तिडिकीतूनच झालं. नशिबावर ढकलायची सोय मला नाही.

मी पेशी बघते. नामपल्लीजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेवीस वर्षं हेच काम करतेय. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी छोटा ब्रश फिरवून डॉक्टर जे काढतात ते काचेवर घेतात, ती काच रंगवतात आणि मग ती माझ्या मायक्रोस्कोपखाली येते. काचेवर हजारो पेशी असतात. त्यात चार-दोन बिघडलेल्या असल्या तर त्या हुडकायच्या, एवढंच माझं काम. वेळेत सापडल्या तर कॅन्सर व्हायच्या आतच उपचार होतात आणि बाई घरी जाऊन कुकर लावायला मोकळी. नाही सापडल्या तर तीच बाई काही वर्षांनी वेगळ्याच दारानं दवाखान्यात येते. लोकांना वाटतं काचा डॉक्टर बघतात. डॉक्टर बघतात, पण मी ज्यांच्यावर शाईचा ठिपका लावलाय तेवढ्याच. बाकीच्या माझ्या शब्दावर 'नॉर्मल' होऊन जातात.

आमची पद्धत जुनी. ब्रश सरळ काचेवर ओढायचा आणि काच ताबडतोब स्पिरिटच्या बरणीत टाकायची. नर्सनं मध्येच फोन घेतला की काच वाळली, पेशी फुगल्या, सगळं वाया. रक्त आलं किंवा चिकटा आला की पेशी त्याच्याखाली दडून बसतात. नव्या पद्धतीत ब्रश काचेवर ओढतच नाहीत. तो एका बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात खळबळतात, मशीन त्यातलं रक्त, चिकटा गाळून काढतं आणि पेशी काचेवर एका गोल टिकलीएवढ्या जागेत पातळ पसरून देतं. चहा गाळल्यावर चोथा वर राहतो ना, तसंच. शिवाय बाटलीत थोडं शिल्लक राहतं, त्यातून पुन्हा काच बनवता येते.

मशीन विकायला आलेला माणूस मला म्हणाला, "मॅडम, अब आप की आँखों को आराम मिलेगा."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" असं मी मराठीत म्हणाले. त्याला कळलं नाही, पण सूर कळला असावा. तो लॅबच्या मालकांकडे वळला. ते स्वतः पॅथॉलॉजिस्ट, आम्ही त्यांना सर म्हणतो.

सर हिशेबी माणूस. ते म्हणाले, मशीन काही महिने उसनं ठेवून घेऊ, दोन्ही पद्धती आपल्याच बायकांवर लावून बघू, मग ठरवू. त्यांनी नियम आखले. एकाच बाईचा एकच ब्रश, पहिला हात काचेला, उरलंसुरलं बाटलीला. काच मी वाचायची. बाटलीची वाचायची ती वर्षभरापूर्वी लागलेल्या पोरीनं, कारण ती त्या मशीनवर शिकून आली होती. काचेवर नाव नाही, नुसता नंबर. सोबतच्या कागदावर वय आणि पाळी चालू की बंद, एवढंच. नावांची यादी सरांच्या कपाटात कुलपात. नमुने घेताना आम्ही दोघींनी तिथं फिरकायचंसुद्धा नाही, म्हणजे कोणाची काच कोणती हे कळणार नाही. आणि जी काच वाचता येत नाही ती वेगळी मोजायची.

हा शेवटचा नियम माझ्या जिव्हारी लागला. एकेक 'वाचता येत नाही' म्हणजे बाटलीला एकेक गुण. म्हणजे नर्सनं घाण करायची आणि नापास मी व्हायचं! त्याच दिवशी मी मनात ठरवलं, जीव गेला तरी असं लिहायचं नाही. जीव माझा जायचा नव्हता, म्हणून ठरवणं सोपं गेलं.

आता बायका हव्या होत्या. या तपासणीला कोण येतं आपणहून? मी म्हटलं, मी आणते. काचीगुड्याला आमच्या मराठी बायकांचं मंडळ आहे. आमच्या सगळ्यांचे आजे-पणजे निजामाच्या काळात नांदेड-परभणीकडून इकडे आलेले. आता पोरंबाळं तेलुगू आणि इंग्रजीत भांडतात, मराठी उरलीय ती संक्रांतीच्या हळदीकुंकवापुरती. त्या हळदीकुंकवाला दरवर्षी काहीतरी वाण लुटतात. प्लॅस्टिकचे डबे झाले, स्टीलच्या वाट्या झाल्या, एका वर्षी चहाच्या गाळण्या. मी म्हटलं, या वर्षी तपासणीची चिठ्ठी लुटू. फुकट आहे, जवळच्याच दवाखान्यात एका रविवारी कॅम्प आहे, सगळ्यांनी यायचं.

हशा पिकला. "अगं बाई, हे कसलं वाण!" एकजण कुजबुजली, सणासुदीला कसलं अभद्र. पण फुकट म्हटल्यावर घेतल्या सगळ्यांनी. मी टेबल टाकून बसले आणि प्रत्येकीचं नाव, वय, पाळी स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहिलं, कारण निम्म्याजणींना तो इंग्रजी फॉर्म भरायचा कंटाळा आणि निम्म्याजणींना चष्मा सापडेना. शेवटची चिठ्ठी माझी, स्वतःचं सॅम्पल देण्यापुरतं सर मला कॅम्पला सोडणार होते. माझं नाव, वय अठ्ठेचाळीस, पाळी नियमित. चिठ्ठ्या सरांनी मोजून दिल्या होत्या, त्या बरोबर संपल्या. मला मोठी कर्तबगारी केल्यासारखं वाटलं.

त्या हळदीकुंकवाला माझ्या वन्सं नव्हत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. आता त्या नाहीत, या सगळ्यानंतर, गेल्या उन्हाळ्यात गेल्या. अंबरपेठेत राहायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या, आणि त्या मशीनच्या आवाजाच्या वरचढ बोलायच्या. मी लॅबच्या कामाचं ट्रेनिंग घेत होते तेव्हा माझी मुलगी सहा महिन्यांची होती. सासूबाई म्हणाल्या, असली घाण बघायची नोकरी कशाला? वन्सं म्हणाल्या, "आण ती पोर इकडं. तू जा शिकायला." दीड वर्ष माझी पोर त्यांच्या शिलाई मशीनच्या घरघरीत झोपली. पुढे वन्संचे यजमान गेले. आमच्या मंडळात विधवांना बोलवायचं नाही असा नियम वगैरे काही नाही. नुसतं बोलवत नाहीत. मी त्या मंडळाच्या कमिटीवर अकरा वर्षं आहे आणि मी एकदाही तोंड उघडलेलं नाही. लॅबमध्ये मात्र मी फार पुढारलेली.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं आल्या. तिळगुळाचा डबा ठेवला, पाणी प्यायल्या आणि टेबलावरची माझी चिठ्ठी उचलून उलटसुलट केली.

"काय गं हे?"

मी सांगितलं. नेहमीच्या वन्सं असत्या तर यावर काहीतरी चावट बोलल्या असत्या. त्यांनी चिठ्ठी परत उलटी केली. मग म्हणाल्या, "मला पण दे की एक."

"संपल्या हो. मोजून होत्या."

"हौ, बरोबर आहे. हळदीकुंकवाचं वाण. आम्हाला कुठलं मिळायला?"

त्या हसतच म्हणाल्या, पण माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. मी म्हटलं, "असं काय बोलता? घ्या, माझीच घ्या. मी लॅबमध्येच असते, मला काय, कधीही करून घेईन."

"पण याच्यावर तुझं नाव आहे."

"असू दे. काचेवर नाव नसतं, वन्सं. नुसता नंबर असतो. आणि बघणारी कोण? मीच ना?"

"मग काय, घरचंच दुकान," वन्सं म्हणाल्या आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

त्यांची पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली होती. साठी ओलांडलेली ही बाई, जन्मात कधी डॉक्टरपुढे पाय मोकळे न केलेली, आज आपणहून ही तपासणी का मागतेय, हा साधा प्रश्न मला पडला नाही. त्यांना डाग लागत होता. त्या तेच सांगायला आल्या होत्या आणि चिठ्ठी दिसल्यावर त्यांना वाटलं की आता सांगायची गरजच नाही, तपासणीत निघेलच. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त माझ्या मोठेपणावर खूश होते. चिठ्ठीवरचं वय खोडून दुसरं लिहायला पेनसुद्धा शोधावं लागलं नसतं, तिथंच टेबलावर पडलं होतं.

रविवारी कॅम्प झाला. संध्याकाळी वन्संचा फोन. हसून हसून बेजार. "अगं, नर्सनं तुझं नाव पुकारलं, मी बसून राहिले. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा आठवलं, अरे, ती मीच! हौ म्हणून उठले." मीही हसले. नवऱ्याला सांगितलं, तोही हसला.

मग काचा आल्या. नुमाइशीचे, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाचे दिवस, नामपल्लीत गाड्यांचा कहर, घरी पोचायला दीड-दीड तास. तरी मी एकेक काच दोनदा बघत होते. हट्टाला पेटले होते. पलीकडच्या टेबलावर ती पोर तिच्या त्या गोल टिकल्या बघत बसायची, सुटसुटीत, स्वच्छ. दुपारी चारला तिचं काम संपायचं. मला बघून हसायची, तर मी चष्मा पुसायला घ्यायचे.

एकोणचाळीस नंबर मला आजही दिसतो. रक्तच रक्त. त्या रक्तात पेशींचे दोन-तीन पुंजके, एकमेकांवर चढलेले, गाभे काळपट. भोवती कचरा. अशी काच कोणा शिकाऊ पोरीनं 'नॉर्मल' म्हणून माझ्यापुढे आणली असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. निदान 'वाचता येत नाही, बाईला परत बोलवा' एवढं तरी लिहायला हवं होतं. मी कागद बघितला. वय अठ्ठेचाळीस, पाळी नियमित. म्हटलं, आली असणार पाळीच्या तोंडावर, सांगितलं नसणार, बायका सांगतात थोडंच! पाळीच्या रक्तात असे पुंजके येतात, दिसतात भयंकर, असतं काही नाही. आणि 'वाचता येत नाही' लिहिलं की बाटलीला गुण. मी लिहिलं, सूज आहे, बाकी नॉर्मल.

फेब्रुवारीत सरांनी तक्ता मांडला. बहुतेक नंबर जुळले होते. जे जुळले नव्हते ते आम्ही तिघांनी एकत्र बघायला घेतले. एकोणचाळीसला माझं 'नॉर्मल' आणि पोरीचं 'संशय, तातडीनं बोलवा'. सरांनी दोन माणसांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर आधी माझी काच लावली, मग तिची.

पोर हळूच म्हणाली, "सर, ये गंदगी सेल्स को चिपक के है. पीरियड का ब्लड ऐसा नहीं चिपकता."

माझा पारा चढला. कालची पोर, मला रक्त शिकवतेय! मी म्हटलं, अठ्ठेचाळीसची बाई, पाळी चालू, रक्तात पेशी आकसलेल्या, यात संशय कसला? मशीननं गाळून गाळून भलतंसलतं उठवून दाखवलंय. असं प्रत्येक बाईला घाबरवायचं असेल तर मग दुकानच मांडा. खूप बोलले. चांगलं बोलले. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचं वजन टाकून बोलले.

सर म्हणाले, "मॅडम की नजर पे मैं शक नहीं करता." आणि एकोणचाळीसच्या रकान्यात शेवटचा निकाल 'नॉर्मल' पडला. बाटलीनं उगाच घाबरवलं, अशी नोंद. जुन्या काचेला गुण.

बाहेर पॅसेजमध्ये पोर म्हणाली, "मॅडम, एक बार बुला लेंगे ना उनको. सिर्फ एक बार."

मी म्हटलं, "तुझं काम तू कर." बाईला परत बोलवायला काय पडतं? एक फोन. पण तो फोन केला असता तर मी हरले असते ना!

सरांच्या क्लार्कनं यादीशी जुळवून रिपोर्ट छापले, त्यावर नाव होतं, नंबर नव्हता. माझ्या नावाच्या रिपोर्टवर 'सूज, बाकी नॉर्मल' असं होतं. सूज तर कितीतरी जणींना होती. एकोणचाळीस नंबर आणि हा कागद एकच, हे कळायला यादी सरांच्या कपाटात. मी वन्संना फोन केला, "काही नाही हो, थोडी सूज आहे, गोळ्या पाठवते."

"नक्की ना?"

"अहो, मीच बघितलंय."

"मग झालं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी सुटका होती, की माझं मलाच बरं वाटलं.

त्यानंतर सहा महिने त्यांना डाग लागत राहिला आणि त्या कोणाला बोलल्या नाहीत. का बोलतील? घरच्या माणसानं बघितलंय, नॉर्मल आहे म्हणालीय. तपासणी झालीच नसती तर ही बाई घाबरून मे महिन्यापर्यंत कुठल्यातरी डॉक्टरकडे गेली असती. माझ्या 'नॉर्मल'नं त्यांचं तोंड बंद केलं. चुकीचा रिपोर्ट नुसता रोग चुकवत नाही, तो बाईला गप्प बसवतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आता मी शिकाऊ पोरींना शिकवते आणि त्या लिहून घेतात.

ऑगस्टमध्ये सरांनी तुलना पुरी करायची म्हणून बाहेरच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई बोलावल्या. न जुळलेल्या सगळ्या काचा त्या स्वतः बघणार होत्या. एकोणचाळीसवर त्या थांबल्या. माझी काच, मग पोरीची, मग परत माझी. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, याची आणखी काच आहे का?

पोर उठली, आपल्या ड्रॉवरमधून एक काच काढून आणली. फेब्रुवारीतच तिनं बाटलीतल्या शिल्लक नमुन्यातून दुसरी बनवून ठेवली होती. सहा महिने माझ्या भीतीनं ती ड्रॉवरमध्ये होती. मला कोणी घाबरतं याचा मला पूर्वी थोडा अभिमान होता.

डॉक्टरीणबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "कोण आहे ही बाई? आत्ता कुठे आहे?"

सरांनी कपाट उघडलं. यादीवरून बोट खाली आणत आणत ते एका जागी थांबले. त्यांनी वर बघितलं ते माझ्याकडे. कागद माझ्यापुढे फिरवला. एकोणचाळीस, आणि पुढे माझं नाव.

पोरीनं तोंडावर हात ठेवला. सर उठून माझ्यासाठी पाणी आणायला निघाले. आणि मग लक्षात आलं. "मी नाही!" मी म्हणाले. "मी सॅम्पल दिलंच नव्हतं, सर. मी नाही ती!"

आणि मी हसले. खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. वाटलं, देवा, वाचले. तो आनंद किती वेळ टिकला? एखादा श्वास घेण्याइतका. त्याच्या पाठोपाठ तिळगुळाचा डबा आला आणि 'हौ म्हणून उठले' आलं. पण तो आनंद झाला होता. तो मी परत करू शकत नाही.

"मग कोण?" सरांनी विचारलं.

"माझी नणंद."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी चालू आहे? मी म्हटलं, बंद होऊन दहा वर्षं झालीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फिर ये ब्लड कहाँ का है?" त्या म्हणाल्या. शांतपणे विचारलं त्यांनी, रागानं नाही. पाळी गेलेल्या बाईच्या काचेवर रक्त दिसलं तर आधी दचकायचं, मग बाकीचं बघायचं, हे आमच्या कामातलं पहिलीचं पुस्तक. कागदावर खरं वय असतं तर मी हट्टापायीसुद्धा 'नॉर्मल' लिहिलं नसतं, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. हट्ट फार मोठा होता.

मी तिथूनच रिक्षा करून अंबरपेठेला गेले. वन्सं फॉल लावत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून ड्रॉवरपर्यंत. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मी पायाशी तरी पडले असते. त्यांनी दोरा दातानं तोडला, साडीची घडी घातली आणि म्हणाल्या, "म्हणजे ते डाग उगाच नव्हते तर."

"तुम्ही सांगितलं का नाहीत हो?" मी चक्क चिडून विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा.

"तू बघितलंयस म्हणालीस ना," वन्सं म्हणाल्या.

गाठ आतल्या बाजूला होती, वरून दिसत नव्हती. बाजूला पसरली होती. ऑपरेशनची वेळ गेली होती, रेडिएशनचा शेक आणि सलाइनमधून औषध, एवढंच हातात होतं. जानेवारीत धरलं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी कॅन्सरच्या डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते तिन्ही वेळा म्हणाले, तेव्हा किती होतं हे आता कोणी सांगू शकत नाही. माझी समजूत घालत होते बिचारे. माझा नवरा मला एका शब्दानं बोलला नाही. नुसता जेवताना ताटाकडे बघत राहायचा. केलं मी, आणि भरलं त्याच्या बहिणीनं.

लॅबचं म्हणाल तर सगळं झकास झालं. सरांनी तक्ता दुरुस्त केला, एकोणचाळीस नंबर बाटलीच्या बाजूला गेला, मशीन विकत घेतलं. माझ्या टेबलाच्या शेजारीच ठेवलंय. पोर ते चालवते आणि तिच्या टिकल्या आता मीही वाचते. चांगलं मशीन आहे. मी तिची माफी मागितली. ती "नहीं मॅडम, नहीं मॅडम" म्हणत रडायला लागली आणि मलाच तिला गप्प करावं लागलं. तरी एक सांगते, कोणी मला विचारलं की बाटली चांगली की काच, तर मला हसू येतं. काचेनं मला सगळं दाखवलं होतं. रक्त दाखवलं, पुंजके दाखवले, कचरा दाखवला. मशीन काय करणार, कागदावर बाईच दुसरी असेल आणि वाचणारीला जिंकायचं असेल तर?

शेवटचे महिने वन्संनी बरेच हाल काढले, ते लिहीत नाही. मला फक्त पहिला दिवस लिहायचाय, सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात नाव घालायला गेलो तो. लांब रांग. खिडकीशी पोचेपर्यंत वन्संचे पाय सुजले. माझ्या हातात फाइल होती. त्यात चिठ्ठी, रिपोर्ट आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट का नाम बोलो, अम्मा."

वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन, अगदी मनापासून विचारलं, "कुणाचं सांगू गं? तुझं का माझं?"

चेष्टा नव्हती ती. त्यांच्या आवाजात काळजी होती. "सगळे कागद तुझ्या नावाचे आहेत म्हणून विचारलं. उगाच आणखी घोळ नक्को."

"तुमचं सांगा, वन्सं," मी म्हटलं. "तुमचंच."

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. सावकाश, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. त्या माणसानं ते लिहिलं आणि विचारलं, "उमर?"

"एकसष्ट," वन्सं म्हणाल्या.

त्यानं पेनानं दोन आकडे लिहिले. मलाही तेवढंच लिहायचं होतं, जानेवारीत, त्या चिठ्ठीवर.